कोरं रक्त

“ये रेवती, पेढा घे,” बोरवणकर सर म्हणाले. “पेपर ॲक्सेप्ट झाला.”

माझ्या खांद्यावरची बॅगसुद्धा अजून उतरली नव्हती. अण्णांचं बायपासचं ऑपरेशन झालं म्हणून मी चार महिने अंबाजोगाईला होते, आणि त्या सकाळी एस.टी.तून उतरून थेट प्रयोगशाळेत आले होते. सगळी मंडळी सरांच्या टेबलाभोवती गोळा झाली होती. सौमित्र केळुसकर, माझ्या मागून पीएचडीला आलेला पोरगा, खोका धरून उभा होता आणि माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

“कुठला पेपर, सर?”

“कुठला म्हणजे? लायपेजचा. अँटिबॉडीचा.”

पेढा माझ्या हातातच राहिला. लायपेजची अँटिबॉडी मी केली होती, आणि मी तर कुठलाच पेपर लिहिला नव्हता.

आता हे जरा उलगडून सांगायला हवं, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आपल्या अंगातली चरबी फोडायला एक विकर लागतं, त्याचं नाव लायपेज. ते कुठे आहे, किती आहे, हे डोळ्यांना दिसत नाही, ते हुडकायला अँटिबॉडी लागते. त्यासाठी आम्ही त्या विकराचा तुकडा सशाला टोचतो. सशाचं शरीर म्हणतं, हा कोण परका आला, आणि त्याला नेमकं ओळखून धरणारं काहीतरी रक्तात तयार करतं. तीच अँटिबॉडी. मग सशाच्या कानातून थोडं रक्त काढायचं, ते गोठलं की वर पिवळसर पाणी सुटतं, ते फ्रीझरमध्ये जपून ठेवायचं. चरबीचा नमुना एका पांढऱ्या पडद्यावर उतरवला आणि त्यावरून हे पाणी फिरवलं, की जिथे लायपेज असेल तिथे काळा पट्टा उमटतो. सांगायला सोपं आहे. माझी त्यात उमेदीची वर्षं गेली.

माझ्याकडे दोन ससे होते. एक मादी, हडकुळी आणि चावरी, तिचं नाव मी मिरची ठेवलं होतं. दुसरा गलेलठ्ठ, खायचं आणि लोळायचं एवढंच माहीत असलेला, तो भोपळ्या. ह्या दोघांच्या रक्तातून जे निघेल तीच माझी पीएचडी होती. दुसरं माझ्या हातात काही नव्हतं. घरी अण्णा प्रत्येक भेटणाऱ्याला ‘आमची रेवती लवकरच डॉक्टर होणार, औषधाची नाही, शास्त्राची’ असं ऐकवत असत.

“बघू ना, सर,” मी म्हणाले.

सरांनी कागद सरकवले. पहिल्या पानावर दोन नावं होती, बोरवणकर आणि केळुसकर. मी उलटून पालटून शेवटच्या ओळीपर्यंत पाहिलं. माझं नाव कुठेही नव्हतं.

“सर, माझं नाव राहिलंय.”

“राहिलं नाही गं. तू इथे होतीस कुठे? कंपनीवाले घाईला आले होते, त्यांना रक्तचाचणीचा संच काढायचाय. छापील पेपर असल्याशिवाय ते पुढे सरकत नव्हते. सौमित्रने मान मोडून सगळे प्रयोग केले. तुझं पुढच्या पेपरात बघू.”

“पण अँटिबॉडी मी केली.”

“तू ससे सांभाळलेस,” सर हसून म्हणाले. टेबलाभोवतीची मंडळीही हसली. “आणि छान सांभाळलेस हो. नाही कोण म्हणतंय?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय बोलायचं ते जुळवत असताना माझी नजर आतल्या पानावरच्या चित्रावर पडली. चित्रातला पट्टा चांगला जाड, काळाकुट्ट होता. तो मिरचीचा नव्हता. मिरचीचा पट्टा बारीक येतो. हा भोपळ्याचा होता.

आमच्या कामात एक नियम आहे. सशाला काहीही टोचण्याआधी त्याचं थोडं रक्त काढून ठेवायचं. आमच्या प्रयोगशाळेत त्याला कोरं रक्त म्हणायचे. कोऱ्या रक्ताने पट्टा उमटता कामा नये. ज्या सशाने अजून लायपेज पाहिलेलंच नाही तो त्याला ओळखेल कसा? मिरचीचं कोरं रक्त स्वच्छ होतं. भोपळ्याचं लावलं तर मात्र ठसठशीत पट्टा आला होता, अगदी लायपेजच्याच जागी. म्हणजे भोपळ्या आधीपासूनच भलत्याच कुठल्यातरी प्रथिनाला धरत होता, आणि ते प्रथिन नेमकं लायपेजच्या वजनाचं, म्हणून पडद्यावर त्याच जागी बसणारं निघालं होतं. मी त्याला तिथेच बाद केलं. नळ्या टाकून द्यायच्या राहिल्या, आणि बाद म्हणून त्यांच्यावर लिहायची मला गरजही वाटली नव्हती. फ्रीझरमधल्या माझ्या खोक्याला दुसरं कोणी हात लावील हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

सरांनी दोन्ही नळ्या लावून बघायला सांगितल्या असणार, आणि जाड पट्टा बघून त्यांना भुरळ पडली असणार. कोरं रक्त खालच्या कप्प्यात पडून होतं. तिथपर्यंत वाकायला कुणाला सवड नव्हती.

“सर,” मी म्हणाले, “हा भोपळ्याचा पट्टा आहे. ह्याचं कोरं रक्त...”

“रेवती.” सरांनी हात वर केला. “आज चांगला दिवस आहे. रडगाणं नको.”

“रडगाणं नाही सर, एकदा ऐकून तर घ्या.”

“शास्त्र आमच्यावर सोड. समजलं?”

समजलं. पुरतं समजलं. मी पेढा टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

मी सांगणार होते. माझ्या मनात काळंबेरं काही नव्हतं. तो माणूस घटकाभर गप्प बसला असता तर मी त्याचा पेपर, त्याची कंपनी, त्याची अब्रू, सगळं वाचवलं असतं. त्याने तोंड बंद कर म्हणून सांगितलं. मी म्हटलं, ठीक आहे सर, आता हे तोंड तुम्ही विनवण्या केल्यात तरी उघडायचं नाही. आमच्या घरात राग आला की आई भांडी आपटते, अण्णा अंगणात फेऱ्या मारतात, आणि संध्याकाळपर्यंत सगळं निवळतं. मी माझा राग निवळू दिला नाही. मी तो मुरत घातला.

पुढच्याच आठवड्यात सरांनी मला खोलीत बोलावलं. लायपेजचा विषय आता सौमित्रच्या प्रबंधात जाईल, मी दुसरा काहीतरी विषय घ्यावा, असं त्यांनी सांगितलं. इतक्या वर्षांनी मी परत पहिल्या पायरीवर.

“चालेल, सर,” मी म्हणाले.

सरांना जरा नवल वाटलं. मी रडेन, भांडेन अशी त्यांची अटकळ असावी. “शहाणी आहेस,” ते म्हणाले.

त्याच दुपारी मी हैदराबादच्या डॉ. कमल पाटसकरांना फोन लावला. पाटसकर बाई म्हणजे चरबीच्या संशोधनातलं मोठं नाव. त्यांच्याकडे असे उंदीर होते की ज्यांच्या अंगात हे लायपेज जन्मापासूनच नाही. मला त्या उंदरांच्या चरबीचा तुकडा हवा होता.

“कशाला हवाय?” बाईंनी विचारलं.

“एक अँटिबॉडी पारखून घ्यायची आहे, मॅडम.”

“कुणाची?”

“माझी,” मी म्हणाले.

बाई हसल्या. मग म्हणाल्या, “पारखून घेणारी माणसं आजकाल कमी झालीत. पाठवते.”

तुकडा आला. मी एका रविवारी, प्रयोगशाळेत कुणी नसताना, दोन पडदे केले. दोन्हींवर डावीकडे साध्या उंदराची चरबी, उजवीकडे लायपेज नसलेल्या उंदराची. एकावर भोपळ्याचं पाणी फिरवलं, एकावर मिरचीचं. भोपळ्याने दोन्हीकडे जाडजूड पट्टा दिला. जिथे लायपेजचा मागमूस नाही तिथेही. मिरचीने डावीकडे बारीक, सुबक पट्टा दिला, आणि उजवीकडे काही म्हणजे काही नाही. कोरी पांढरी जागा. मी त्या पांढऱ्या जागेकडे बघून एकटीच हसले. इतकी खूश मी त्याआधी कधी झाले नव्हते, खरं सांगते.

हे दोन पडदे घेऊन मी दुसऱ्या दिवशी सरांकडे जाऊ शकले असते. गेले नाही. त्यांना बंद खोलीत पाडून मला काय मिळणार होतं? खोलीत त्यांनी ते पडदे ड्रॉवरमध्ये टाकले असते आणि मला संस्थेबाहेर. मला त्यांना भरल्या सभागृहात पाडायचं होतं.

मग मी वाट बघितली. सरांचा सत्कार झाला, मी टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रात फोटो आला, मी तो कँटीनच्या फळ्यावर नीट टाचण्या लावून लावला. कंपनीने नवं यंत्र दिलं, त्याला हार घालायला मीच पुढे होते. सर मला म्हणायचे, “रेवती, तुझ्यात फार चांगला बदल झालाय.” मी म्हणायचे, “तुमचीच कृपा, सर.” ते जितके वर चढत होते तितकं मला बरं वाटत होतं. उंचावरून पडल्यावर जास्त लागतं.

एकदा सौमित्र माझ्या टेबलापाशी घुटमळला.

“रेवतीताई, एक विचारू? लायपेजचा पट्टा सगळीकडेच येतोय. मेंदूत, फुप्फुसात, जिथे नसायला हवा तिथेपण. तुला काय वाटतं?”

“मला काय वाटणार? मी ससे सांभाळते.”

“ताई, असं नको ना बोलूस. नाव काढायचं माझ्या मनात नव्हतं, सर म्हणाले म्हणून...”

“मग हेही सरांनाच विचार.”

त्याचा चेहरा पडला. तो सरांकडे गेला. दाराबाहेर मला सरांचा आवाज ऐकू आला. जगाला जे दिसतंय ते तुला दिसत नसेल तर चष्मा लाव, असं म्हणत होते.

आणि एकदाचा तो दिवस उजाडला. कंपनीने आणि सरकारी खात्याने मिळून प्रकल्पाची तपासणी ठेवली होती. पसंत पडला तर मोठं केंद्र उभं राहणार होतं आणि सर त्याचे प्रमुख होणार होते. सभागृह खच्चून भरलं होतं. मी समितीच्या खुर्च्यांकडे पाहिलं. मधल्या खुर्चीवर सुती साडीतल्या, पांढऱ्या केसांच्या पाटसकर बाई बसल्या होत्या. मी तशीच वर गेले, फ्रीझरमधून मिरचीची एक नळी बर्फात घातली, दोन्ही पडदे पिशवीत टाकले आणि मागच्या रांगेत येऊन बसले.

सर छान बोलले. ते बोलतातच छान. जाड काळा पट्टा भिंतीएवढा करून दाखवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पाटसकर बाईंनी माइक जवळ ओढला.

“डॉक्टर, ह्या सशाचं कोरं रक्त दाखवता का?”

सर क्षणभर गोंधळले. “त्याची चित्रं आत्ता सोबत नाहीत. पण ते सगळं नीट झालेलं आहे.”

“तपासणीआधी तुम्ही आम्हाला नमुन्याची नळी पाठवली होती. मी ती आमच्याकडे लावून पाहिली. लायपेज नसलेल्या उंदरावर.” बाईंनी त्यांच्या माणसाला खूण केली. भिंतीवर नवं चित्र आलं. उजवीकडे, जिथे काहीच असायला नको तिथे, तोच जाडजूड पट्टा होता. “हे लायपेज नाही, डॉक्टर. हे काय आहे ते तुम्ही सांगा.”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या रांगेतले कंपनीचे साहेब एकमेकांकडे बघायला लागले. सर घोटभर पाणी प्यायले, आणि त्यांची नजर रांगांवरून फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली. काय होणार ते मला त्याच क्षणी कळलं.

“त्याचं असं आहे, मॅडम,” सर म्हणाले, “ही अँटिबॉडी मी केलेली नाही. आमच्या रेवती लोमटे म्हणून विद्यार्थिनी आहेत, त्या मागे बसल्यात, त्यांनी केली. आम्ही विश्वासाने वापरली.”

सगळ्या माना मागे वळल्या. ज्या एका वाक्यासाठी मी जीव टाकत होते ते त्यांनी शेवटी भर सभेत उच्चारलं. कशासाठी, तर स्वतःचे हात झटकायला. मी उभी राहिले.

“सर, जरा नीट सांगता का? काम नक्की कुणाचं?”

“तुझं.”

“ससे निवडण्यापासून?”

“ससे निवडण्यापासून सगळं तुझं.”

“म्हणजे तुमचा किंवा सौमित्रचा अँटिबॉडी करण्यात काहीच हात नाही?”

“अजिबात नाही,” सर घाईघाईने म्हणाले. “मॅडम, मी समितीला लिहून द्यायला तयार आहे. जी काही अँटिबॉडी आहे ती शंभर टक्के रेवतीची आहे.”

“समितीने ऐकलंय,” पाटसकर बाई म्हणाल्या. त्या माझ्याकडे निरखून बघत होत्या. फोनवरचा आवाज त्यांच्या ध्यानात आला असावा. “लोमटे, तुम्हाला काही म्हणायचंय?”

“हो, मॅडम. सर म्हणतात ते खरं आहे. अँटिबॉडी माझीच आहे. पण ही नाही.”

मी पिशवी घेऊन पुढे गेले. तेवढं अंतर चालायला मला किती बरं वाटलं ते शब्दांत सांगता येणार नाही. दोन्ही पडदे मी बाईंच्या पुढ्यात ठेवले.

“मी दोन सशांवर काम केलं. हा जाड पट्टा भोपळ्याचा. तो बरळतो, असलं नसलं तरी हो म्हणतो. त्याचं कोरं रक्त बघून मी त्याला बाद केलं होतं. ही मिरची. लायपेज असेल तरच बोलते, नसेल तर गप्प बसते. नळी बर्फात आहे, तुम्ही आत्ता घेऊन जा, तुमच्या हाताने लावा.”

बाईंनी चष्मा सारखा केला आणि मिरचीचा पडदा उजेडाकडे धरला. बराच वेळ त्या उजवीकडची पांढरी जागा न्याहाळत राहिल्या. मग त्यांनी तो कंपनीच्या साहेबांकडे दिला.

“मग बाद केलेला ससा पेपरात गेला कसा?” त्यांनी विचारलं.

“ते सर सांगतील. मी तेव्हा गावाला होते, आणि पेपरात माझं नाव नाही.”

सरांनी तोंड उघडलं. “रेवती, तू हे मला आधी...”

“डॉक्टर,” बाई म्हणाल्या, “तुम्ही खाली बसा. अँटिबॉडीत तुमचा हात नाही असं तुम्हीच सांगितलंत. लोमटे, माइक घ्या. सुरुवातीपासून सांगा.”

सर व्यासपीठावरून उतरले. पुढच्या रांगेत त्यांना कुणी जागा केली नाही. ते मागे जाऊन बसले, आणि मी दुपारपर्यंत बोलत होते. मध्येच त्यांनी एकदा हात वर केला. मी म्हटलं, “प्रश्न शेवटी घेऊ.”

पुढचं सगळं भराभर झालं. पेपर सरांना स्वतःच्या सहीने मागे घ्यावा लागला. मोठं केंद्र झालं, पण बाईंकडे, हैदराबादला. माझी पीएचडीही तिथेच झाली. सौमित्रचं मात्र मला वाईट वाटलं. त्याला मी मिरचीची नळी दिली, आणि त्याचा प्रबंध उशिरा का होईना पूर्ण झाला. सरांचं वाईट वाटलं का, असं लोक विचारतात. नाही वाटलं. आजही वाटत नाही.

पण माझा सूड तिथे संपला असं कुणी समजू नये. त्याचा चांगला भाग तर पुढेच आहे.

आमच्या क्षेत्रात एक रीत आहे. तुम्ही केलेली अँटिबॉडी कुणी मागितली तर द्यायची, नाही म्हणायचं नाही. घेणाऱ्याने फक्त एक करायचं. आपल्या पेपरात, प्रयोग सांगताना, ‘ही अँटिबॉडी अमुक यांनी दिली’ असं स्पष्ट लिहायचं. लायपेजच्या अँटिबॉडी बाजारात विकतही मिळतात, पण मिरचीइतकी स्वच्छ अजून एकही निघालेली नाही. तिचं पाणी एका प्रयोगाला थेंबभर पुरतं, आणि फ्रीझरमध्ये वर्षानुवर्षं टिकतं. आणि सर आयुष्यभर लायपेजवरच काम करत आलेले. दुसरं काही त्यांना येत नव्हतं. मधे बराच काळ गेला, आणि एके दिवशी त्यांचं मागणीपत्र माझ्या टेबलावर आलं. माझे विद्यार्थी म्हणाले, “मॅडम, ह्यांना कशाला द्यायची?”

“ह्यांना तर आधी द्यायची,” मी म्हटलं.

तेव्हापासून मी त्यांना नळ्या पाठवत आले. कधी उशीर केला नाही, कधी हात आखडता घेतला नाही. त्यांचा प्रत्येक पेपर मी उघडते, आणि प्रत्येकात ते वाक्य असतं. ‘लायपेजची अँटिबॉडी डॉ. रेवती लोमटे यांनी दिली.’ एकदा त्यांनी ते वाक्य गाळून पाहिलं. मी संपादकांना कळवलं, आणि पुढच्या अंकात सरांना ती दुरुस्ती चौकटीत छापावी लागली.

निवृत्तीच्या थोडं आधी त्यांचा फोन आला. आवाज पार उतरला होता.

“रेवती, माझा हा शेवटचा पेपर आहे. नळी हवी होती.”

“पाठवते की, सर.”

“एक विनंती होती. ह्या एकाच पेपरात... ते वाक्य नाही घातलं तर चालेल का? लोक हसतात गं माझ्यावर. इतकी वर्षं झाली.”

“नाही चालणार, सर.”



“बरं,” ते म्हणाले. “पाठव.”

मी दोन नळ्या पाठवल्या, म्हणजे अजून एक पेपर निघेल.